डोळ्याच्या खोबणीतील लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून तसेच दिंडोरी, निफाड, सटाणा, इगतपुरी या भागांतून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अपवादांचे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे वाचायला वेळ नसेल, तर प्रश्न ४ आणि प्रश्न ६ मात्र आजच वाचावेत, कारण नजर वाचते किंवा जाते ती बहुधा त्या दोन टप्प्यांवर.

१. डोळ्याच्या खोबणीत लिम्फोमा होतो म्हणजे नेमके काय होते?

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तात, गळ्यातील व काखेतील गाठींत, प्लीहेत आणि शरीराच्या इतरही अनेक भागांत असतात. त्यांच्यापासून होणाऱ्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. डोळ्याभोवती तो प्रामुख्याने चार ठिकाणी आढळतो: डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात, अश्रुग्रंथीत, पापणीत आणि नेत्रगोलकामागील चरबी व स्नायूंमध्ये. खोबण नारळाच्या करवंटीसारखी हाडाची आणि फक्त पुढून उघडी असते. तिच्यात एकूण जागा सुमारे ३० मिलिलिटर असते आणि त्यातच नेत्रगोलक, स्नायू, रक्तवाहिन्या व दृष्टीची नस मावलेली असते. त्यामुळे आत थोडीशी गाठ वाढली तरी डोळा पुढे किंवा एका बाजूला सरकतो.

खोबणीतील बहुतेक लिम्फोमा बी पेशींचे असतात. त्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार मार्जिनल झोन लिम्फोमा, म्हणजेच माल्ट लिम्फोमा. तो संथ वाढतो आणि उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो. फॉलिक्युलर, मँटल सेल आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल हे प्रकार त्यामानाने कमी आढळतात, पण यांतील शेवटचे दोन अधिक आक्रमक असतात. उपचारांची सगळी दिशा प्रकारावर ठरत असल्याने ‘लिम्फोमा आहे’ एवढ्या निदानावर थांबता येत नाही (प्रश्न ८ पाहावा).

२. डोळ्याच्या आत होणारा लिम्फोमा हाच का?

नाही. नेत्रगोलकाच्या आत, काचद्रवात आणि दृष्टिपटलात होणारा लिम्फोमा हा वेगळा आजार आहे. त्याचा संबंध मेंदूतील लिम्फोमाशी असतो आणि त्याचे उपचारही निराळे आहेत. या पानावरील माहिती त्याला लागू करू नये.

३. वडिलांचा एक डोळा मोठा दिसतो, पण दुखत नाही. थोडे दिवस वाट पाहिली तर चालेल का?

वाट पाहू नये. हा आजार बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यापुढे होतो आणि दुखत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. दुखत नसल्यामुळे माणसे महिनोन्‌महिने थांबतात. डोळा हळूहळू पुढे येणे, पापणी जड होऊन खाली उतरणे, वरच्या पापणीच्या बाहेरील कोपऱ्यात रबरासारखी गाठ लागणे, एकाचे दोन दिसणे, किंवा खालची पापणी ओढल्यावर आत फिकट गुलाबी-नारिंगी रंगाचा मांसल चट्टा दिसणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. असा चट्टा साध्या डोळे येण्यासारखा वाटतो, पण थेंबांनी जात नाही. दोन-तीन आठवडे थेंब टाकूनही लाली कमी होत नसेल, तर थेंबांची बाटली बदलत न बसता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डोळा खरोखर पुढे आला आहे की तसा भास होतो, हे घरी पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. रुग्णाला खुर्चीत बसवून मान थोडी मागे कलवायला सांगावी. आपण मागे उभे राहून कपाळावरून खाली पाहावे. ज्या बाजूची पापणी भुवईच्या रेषेपुढे अधिक दिसते, तो डोळा पुढे आलेला असतो. दवाखान्यात हेच अंतर मापकाने मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असल्यास तपास केला जातो. पाच-सात वर्षांपूर्वीचा लग्नसमारंभातला किंवा आधार कार्डवरचा फोटो सोबत न्यावा. बदल कधीपासूनचा आहे हे ठरवताना तो फार उपयोगी पडतो.

४. नजरेला धोका आहे हे कसे ओळखावे? त्याच दिवशी दवाखाना कधी गाठावा?

खोबणीच्या अगदी मागे, जेथे जागा सर्वांत अरुंद असते, तेथे गाठीचा दाब दृष्टीच्या नसेवर पडला, तर नजर जाऊ शकते. डोळा किती पुढे आला आहे यावरून या दाबाचा अंदाज बांधता येत नाही. पुढच्या बाजूची मोठी गाठ नसेला स्पर्शही करत नाही, तर मागची छोटी गाठ नस आवळू शकते.

अशा दाबात बारीक अक्षरे दिसेनाशी होण्याच्याही आधी रंग विटतात. म्हणून घरी एक तपासणी करावी. रुग्णाला खिडकीच्या उजेडात बसवावे, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला सांगावे (बोटांच्या फटीतून दिसता कामा नये) आणि दुसऱ्या डोळ्यासमोर पाण्याच्या बाटलीचे लाल झाकण धरावे. मग हात बदलून तेच झाकण दाखवावे. एका डोळ्याला लाल, तर दुसऱ्याला विटकरी, तपकिरी किंवा धुरकट दिसत असेल, तर ते नसेवरील दाबाचे लक्षण असू शकते. मोतीबिंदूमुळेही रंग फिके दिसतात हे खरे, पण तो निष्कर्ष घरी काढायचा नाही.

पुढील लक्षणांत त्याच दिवशी नेत्ररोग विभाग गाठावा: लाल रंग एका डोळ्याला विटका दिसणे, नजर काही तासांत किंवा दिवसांत कमी होणे, दृष्टीच्या एखाद्या भागावर सावली येणे, डोळा एका बाजूस वळवला की क्षणभर अंधारी येणे, पापणी पूर्ण मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून टोचू लागणे. तेथे डॉक्टर दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने टॉर्चचा प्रकाश टाकून बाहुल्यांचे आकुंचन पाहतात. हे नसेच्या तपासणीचे सर्वांत जलद साधन आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातही करता येते. ‘पुढच्या आठवड्यात एमआरआय होईल, मग पाहू’ हे उत्तर या लक्षणांसाठी पुरेसे नाही, हे नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे सांगावे. गेलेली नजर किती परत येईल, हे नस किती काळ आणि किती दबली होती यावर अवलंबून असते. काही दिवसांत दाब हटला तर चांगली सुधारणा दिसू शकते. नस पांढरी पडल्यावर तशी आशा फार कमी उरते.

५. हे थायरॉईड, म्युकर किंवा साधी रांजणवाडी असू शकते का?

असू शकते, म्हणूनच तपास करावा लागतो. प्रौढांमध्ये डोळा पुढे येण्याचे सर्वांत सामान्य कारण थायरॉईडशी संबंधित नेत्रविकार आहे. त्यात वरची पापणी ओढली जाऊन डोळा टक लावल्यासारखा दिसतो. लिम्फोमात पापणी बहुधा खाली उतरते. रांजणवाडी दुखते, लाल होते आणि थोड्या दिवसांत फुटते किंवा विरते. म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) आठवण २०२१ नंतर अनेक घरांत ताजी आहे. तो आजार मात्र मधुमेह अनियंत्रित असताना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असताना काही दिवसांत भडकतो. चेहरा दुखतो, बधिर होतो, नाकातून काळपट स्राव येतो. तशी शंका आल्यास तास मोजून हालचाल करावी. लिम्फोमाशी सर्वाधिक गल्लत होते ती खोबणीतील अकारण सुजेची आणि आयजीजी४ या प्रतिपिंडाशी संबंधित आजाराची. हे तिन्ही स्कॅनवर सारखेच दिसू शकतात. त्यांतील भेद फक्त गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर, म्हणजे बायोप्सीनेच, ठरतो.

६. डॉक्टरांनी सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड दिले आणि डोळा चार दिवसांत बरा झाला. आता बायोप्सी कशाला?

डोळा इतक्या लवकर उतरला, म्हणूनच बायोप्सीचा विचार अधिक गांभीर्याने करावा. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा डेक्सामेथासोनची इंजेक्शने सुरू झाली की गाठ झपाट्याने आक्रसते, रुग्ण आणि घरचे समाधानी होतात आणि आजार गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो दबलेला असतो. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परततो. दरम्यान तुकडा काढलाच, तर त्यात मेलेल्या पेशी आणि साधी सूज दिसते, अहवाल ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो आणि सगळा तपास पुन्हा पहिल्या पायरीवर जातो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: कारण माहीत नसलेल्या खोबणीतील गाठीवर तुकडा काढण्याआधी स्टेरॉइड देऊ नये. डोळा सुजला की दुकानातून गोळी आणणे किंवा मागच्या वेळची उरलेली पट्टी सुरू करणे याने रुग्णाचे सर्वाधिक नुकसान होते.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. प्रश्न ४ मधील लक्षणे असतील आणि नस दबत असेल, तर नजर आधी वाचवायची असते. शक्य असल्यास त्याच दिवशी घाईने तुकडा काढून लगेच मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू करतात. तुकडा काढणे शक्यच नसेल, तर निदान लांबेल हे जाणून औषध आधी देतात. असा निर्णय डॉक्टरांनी घेतला, तर तो चुकीचा समजू नये.

स्टेरॉइड आधीच घेतले असेल, तर ते लपवू नये. औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि शक्य असल्यास रिकामी पट्टीच घेऊन यावी. काही आठवडे गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, शरीराला त्याचा धोका असतो. मधुमेही रुग्णांनी या काळात साखर अधिक वेळा तपासावी.

७. तुकडा काढला की गाठ पसरते, असे म्हणतात. सुईने तपासून भागत नाही का?

लिम्फोमाचा तुकडा काढल्याने तो पसरत नाही. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी कित्येक महिने वाया जातात. सुईने काढलेल्या पेशी मात्र बहुधा अपुऱ्या ठरतात, कारण लिम्फोमाचा प्रकार ठरवताना पेशींची मांडणीही पाहावी लागते. तुकडा पापणीच्या नैसर्गिक घडीतून किंवा पापणीच्या आतील बाजूने काढतात, त्यामुळे व्रण सहसा दिसत नाही. गाठ पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. ती स्नायू आणि नसेभोवती साच्यासारखी बसलेली असते आणि तिचा खरा उपचार शस्त्रक्रिया नाही.

हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी चालू असेल, तर ती आठवणीने सांगावी. बायोप्सीनंतरच्या रात्री डोळा अचानक ताठ होऊन तीव्र वेदना झाल्या किंवा दिसेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जावे. खोबणीत रक्तस्राव झाल्याचे ते लक्षण असते.

८. रिपोर्टला इतके दिवस का लागतात? सीडी२०, केआय-६७ हे काय आहे?

पहिल्या तपासणीत फक्त ‘लिम्फोसाइट वाढले आहेत’ एवढे कळते. ते कर्करोगाचे आहेत का आणि कोणत्या प्रकारचे आहेत, हे ठरवण्यासाठी पेशींवरील खुणा एकेक करून रंगवाव्या लागतात. सीडी२० ही बी पेशींची खूण आहे. ती असेल तर रिटुक्सिमॅब हे औषध उपयोगी पडते. सीडी५ आणि सायक्लिन डी१ मँटल सेलकडे, तर सीडी१० आणि बीसीएल२ फॉलिक्युलरकडे बोट दाखवतात. केआय-६७ वरून पेशी किती वेगाने वाढत आहेत हे कळते. तुकड्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता ताजाच फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरील खुणा यंत्राने मोजण्याच्या चाचणीसाठी) पाठवता येतो, मात्र ते शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून ठेवावे लागते.

एक व्यवहाराची गोष्ट: कागदी अहवालाबरोबर प्रयोगशाळेतील स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही (ज्या मेणात तुकडा बसवून जपतात तो ठोकळा) मागून घ्यावा. पुढे मुंबईला किंवा पुण्याला गेल्यास तेथील पॅथॉलॉजिस्ट तोच ब्लॉक पुन्हा तपासतात. ब्लॉक घरी राहिला तर तेवढ्यासाठी दुसरी फेरी पडते. उन्हाळ्यात तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

९. आजार डोळ्यापुरताच आहे की शरीरात इतरत्रही, हे कसे कळते?

खोबणीचा एमआरआय, संपूर्ण शरीराचा पेट-सीटी (या स्कॅनमध्ये सक्रिय गाठी चमकतात), रक्तातील एलडीएच या विकराचे प्रमाण आणि आवश्यकतेनुसार अस्थिमज्जेची तपासणी यांवरून ते ठरते. संथ माल्ट लिम्फोमा पेट स्कॅनवर फिका दिसू शकतो, त्यामुळे ‘पेटमध्ये काही चमकले नाही’ म्हणजे आजारच नाही असे होत नाही. दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी आजार असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून निरोगी दिसणारा डोळाही तपासला जातो. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांच्या चाचण्या याच टप्प्यावर करतात. हिपॅटायटिस बीच्या चाचणीचे कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

१०. शेक दिल्याने डोळा आंधळा होईल का?

संथ प्रकारच्या, एकाच जागी असलेल्या लिम्फोमासाठी शेक, म्हणजे रेडिओथेरपी, हा सर्वांत भरवशाचा उपचार आहे. नेहमीची मात्रा २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) असते आणि ती १२ बैठकींत देतात. शनिवार-रविवार वगळता साधारण अडीच आठवडे लागतात. त्या जागेचा आजार बहुसंख्य रुग्णांत कायमचा आटोक्यात येतो. काही केंद्रे आधी केवळ दोन बैठकींत ४ ग्रे देऊन पाहतात. अतिवृद्ध रुग्णांसाठी हा सोयीचा पर्याय आहे, मात्र त्यानंतर आजार परतल्यास पुन्हा शेक द्यावा लागू शकतो. डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारात केमोनंतर याहून जास्त मात्रा लागते.

पहिल्या दिवशी रुग्णाच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी बसवून तिचा मुखवटा करतात. तो घट्ट वाटतो, पण श्वासाला अडथळा होत नाही. प्रत्येक बैठकीत यंत्राचा झोत काही मिनिटेच असतो आणि तो जाणवत नाही. डोळा कोरडा पडणे आणि काही वर्षांत मोतीबिंदू होणे हे अपेक्षित परिणाम आहेत. पहिल्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आहेत, दुसऱ्यासाठी नेहमीची शस्त्रक्रिया. या मात्रेत दृष्टिपटलाला किंवा नसेला कायमची इजा होणे क्वचितच घडते. मधुमेहामुळे पडदा आधीच खराब असेल, तर ते रेडिएशन तज्ज्ञांना सांगावे.

‘भिंग वाचवण्यासाठी डोळ्यावर शिशाचे झाकण लावा’ अशी विनंती काही जण करतात. आजार फक्त पुढच्या आवरणात असेल तर ते करता येते. खोबणीच्या मागच्या भागात आजार असताना तसे केल्यास झाकणाच्या सावलीत पेशी शिल्लक राहतात. मोतीबिंदू काढता येतो, परतलेला लिम्फोमा मात्र नव्याने झेलावा लागतो.

११. केमो कोणाला लागते?

प्रकार आक्रमक असेल किंवा आजार शरीरात पसरलेला असेल, तर. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये आर-चॉप हा औषधसमूह २१ दिवसांच्या अंतराने, सहसा सहा वेळा देतात. त्यातील डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. त्यातीलच रिटुक्सिमॅब संथ प्रकारात काही वेळा एकटेही वापरतात. भारतात त्याची बायोसिमिलर रूपे (मूळ औषधाशी जुळणारी, इतर कंपन्यांची) २००७ पासून मिळतात.

रिटुक्सिमॅबमुळे शरीरात सुप्त असलेला हिपॅटायटिस बी उसळून यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे या विषाणूच्या पृष्ठ प्रतिजनाबरोबरच (HBsAg) कोअर प्रतिपिंडाचीही (anti-HBc) चाचणी झाली आहे का, हे पहिल्या सलाइनआधी आवर्जून विचारावे. ती सकारात्मक असल्यास विषाणूरोधक गोळी सुरू करून उपचार संपल्यानंतरही किमान वर्षभर चालू ठेवतात.

१२. आजी ८४ वर्षांच्या आहेत. काहीच न करता चालेल का?

संथ माल्ट लिम्फोमा असेल, नजर व नस सुरक्षित असेल आणि त्रास नसेल, तर ठरावीक अंतराने तपासत थांबणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. त्याला दुर्लक्ष म्हणता येणार नाही, पण तपासण्या चुकवल्या तर तेच होते.

१३. घरात पोपट आहे. त्याच्यामुळे हे होते का, आणि प्रतिजैविकाने बरे होते का?

पक्ष्यांकडून येणाऱ्या क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा डोळ्याभोवतीच्या माल्ट लिम्फोमाशी संबंध इटलीतील संशोधकांना २००४ साली आढळला. इतर देशांत मात्र हे प्रमाण खूप वेगवेगळे निघाले. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे दिल्याने काही रुग्णांची गाठ कमी झाली आहे. घाई नसलेल्या संथ आजारात डॉक्टर हा प्रयोग करू शकतात. नस दबत असताना करू नये. पोपट घराबाहेर काढल्याने झालेला आजार मागे फिरत नाही.

१४. आम्ही द्राक्षबागेत वर्षानुवर्षे फवारणी करतो. त्यामुळे झाले असेल का?

निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न सतत येतो आणि तो योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन या कीटकनाशकाला लिम्फोमाचे निश्चित कारण आणि ग्लायफोसेट या तणनाशकाला संभाव्य कारण म्हणून वर्गीकृत केले. हे एकूण नॉन-हॉजकिन लिम्फोमाबद्दल (खोबणीतील वरील प्रकार ज्यात मोडतात त्या मोठ्या गटाबद्दल) आहे. एखाद्या रुग्णाच्या खोबणीतील गाठ त्याच्या बागेतील औषधामुळेच झाली, असे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे घालूनच फवारणी करावी, हा सल्ला मात्र त्यामुळे कमी महत्त्वाचा ठरत नाही. फवारणीनंतर डोळा लाल झाल्यास तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा; आठवड्यानंतरही लाल राहिला तर ‘औषध गेले असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये.

१५. सगळे उपचार नाशिकमध्ये होतील का? खर्चाचे काय?

स्कॅन, केमो आणि शेक यांची सोय नाशिकमध्ये आहे. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालय आणि शालिमारजवळील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथून सुरुवात करता येते. खोबणीच्या मागच्या भागातील बायोप्सी आणि पॅथॉलॉजीचे दुसरे मत यांसाठी परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात जाणे अनेकदा योग्य ठरते. निदान तेथे करून घेऊन शेक नाशिकमध्ये घेतला तरी चालते, कारण रोजच्या बैठकींसाठी वृद्ध माणसाला मुंबईत भाड्याच्या खोलीत ठेवणे घराला जड जाते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरल्यास परळ जवळ पडते. कर्करुग्णांसाठी रेल्वे भाड्यात सवलत आहे. रुग्णालयातून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पैसे भरण्याआधी त्यांना भेटावे, कारण मंजुरी आधी घ्यायची असते. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल सोबत असावा.

१६. डोळा काढावा लागेल का?

जवळजवळ कधीच नाही. हा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

१७. उपचार संपून पाच वर्षे झाली. आता तपासण्या थांबवाव्यात का?

थांबवू नयेत. माल्ट लिम्फोमा दहा वर्षांनंतरही परतू शकतो, कधी दुसऱ्या डोळ्यात, कधी पोटात किंवा फुप्फुसात. पहिली काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी करावी. परतलेला संथ आजारही बहुधा पुन्हा आटोक्यात येतो.

१८. नातवाचा डोळा आठवड्याभरात पुढे आला. हेच असेल का?

लहान मुलांत कारणे वेगळी असतात. खोबणीतील जंतुसंसर्ग, रॅब्डोमायोसार्कोमा, रक्ताचा कर्करोग यांची शक्यता आधी तपासावी लागते आणि यांतील प्रत्येक गोष्ट तातडीची आहे. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

१९. बायोप्सीत ‘लिम्फोमा नाही, फक्त सूज’ असे आले, तरी डोळा पुढे येतच आहे. काय करावे?

दुसरी बायोप्सी करावी. तुकडा गाठीच्या कडेचा आला असेल, फार लहान असेल, किंवा आधी स्टेरॉइड दिले गेले असेल (प्रश्न ६), तर पहिला अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. आयजीजी४ आजार किंवा ‘लिम्फॉइड हायपरप्लेसिया’ (लिम्फोसाइटची कर्करोग नसलेली वाढ) असे निदान खरे असले, तरी अशा काही रुग्णांत पुढे लिम्फोमा उद्भवतो, म्हणून त्यांनीही प्रश्न १७ मधील वेळापत्रक पाळावे. दुसऱ्या वेळी जुना ब्लॉक आणि नवा तुकडा एकाच पॅथॉलॉजिस्टकडे द्यावा, आणि मधल्या काळात कोणती औषधे किती दिवस घेतली, ते तारखांसह सोबतच्या कागदावर लिहून पाठवावे.